पुन्हा एकदा किल्ला

माझे बालपण साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले. दिवाळीत दगड-विटा रचून, वर चिखलात बुडवलेले पोते पसरून आम्ही किल्ला करत असू. त्यावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. पुढे नोकरीसाठी सांगलीला आलो आणि किल्ला सुटला.

साठी उलटल्यावर एकदा नातू प्लॅस्टिकचे लेगो ठोकळे जोडताना दिसला. एकमेकांत घट्ट बसणारे हे ठोकळे डेन्मार्कचे. त्यांच्या आजच्या रचनेचे पेटंट १९५८ चे. त्याच्याबरोबर बसलो आणि माझेही हात शिवशिवू लागले. त्या दिवाळीत अंगणात अजिंक्यतारा उभा केला.

कृष्णाकाठची काळी माती वाळताना आकसते. तिसऱ्या दिवशी भेगा पडून बुरूज बाहेर कोसळला. खाली मांडलेले शत्रूसैन्य गाडले गेले. नातू रडवेला झाला. मला मात्र १७०० सालचा वेढा आठवला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू, खाली खुद्द औरंगजेब. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला पडला आणि हल्ल्यासाठी सज्ज असलेले मोगल सैनिकच शेकड्यांनी मेले. तरीही एप्रिलमध्ये मराठ्यांना गड सोडावा लागला.

हा वेढा मी शाळेत पाठ केला होता. समजला मात्र चिखलात हात घातल्यावर.

"आजोबा, आता काय?" नातवाने विचारले. मी म्हणालो, "गड परत आपल्याकडे आला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. चल, माती भिजव."