निसेनची गुंडाळी

छातीच्या पडद्यातून वर सरकलेलं जठर खाली ओढताना मला फिलिप ॲलिसन आठवतो. लीड्सच्या या सर्जनने १९५१ साली मांडलं, की जठर जागेवर आणून पडद्याचं भोक आवळलं की आम्ल वर येणं थांबेल. जगाने ते उचललं. १९७३ मध्ये त्यानेच स्वतःच्या रुग्णांचा हिशोब छापला: जवळजवळ निम्म्यांना त्रास उलटला होता. आमच्या धंद्यात असं कोण छापतं?

उत्तर दुसऱ्याच वाटेने आलं. रुडॉल्फ निसेन हा ज्यू सर्जन, १९३३ मध्ये बर्लिन सोडून इस्तंबूलला गेलेला. १९३६ मध्ये एका तरुणाच्या अन्ननलिकेचं व्रण झालेलं खालचं टोक कापल्यावर जोड गळू नये म्हणून त्याने तो जठराच्या भिंतीत लपेटला. अनेक वर्षांनी कळलं, त्या माणसाला जळजळ होतच नाही! मग १९५५ साली बाझेलमध्ये त्याने अन्ननलिकेभोवती जठराचा वरचा भाग मफलरसारखा गुंडाळला. (आइन्स्टाइनच्या पोटातली महाधमनी सेलोफेनमध्ये गुंडाळणाराही हाच.)

१९९१ पासून हे जठर गुंडाळणं दुर्बिणीतून होऊ लागलं. पडद्याच्या भोकावर जाळी शिवायची टूमही आली. डुकराच्या आतड्यापासून केलेल्या जाळीची अमेरिकेत चाचणी झाली. सहा महिन्यांनी निकाल झकास. पाच वर्षांनी पाहिलं तर जाळी असो-नसो, निम्म्याहून अधिकांत हर्निया, म्हणजे जठराचं वर सरकणं, परतलेला. बहुतेकांना त्याचा त्रास मात्र नव्हता. तेव्हा कुणी अशा जाळीचा आग्रह धरला, तर आकडे किती वर्षांनंतरचे, एवढं जरूर विचारा.