पुरुषांचे दीर्घायुष्य : समज आणि जनगणनेचा पुरावा
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील खुलताबाद येथे मलिक अंबर, मोगल बादशहा औरंगजेब आणि पहिला निजाम आसफजाह यांच्या कबरी आहेत. १६२६ मध्ये निधन झाले तेव्हा मलिक अंबरने पंचाहत्तरी ओलांडली होती. औरंगजेब १७०७ मध्ये ८८ व्या वर्षी, तर आसफजाह १७४८ मध्ये ७६ व्या वर्षी मृत्यू पावला. अशा उदाहरणांमुळे ‘पूर्वीची माणसे दीर्घायुषी होती’ हा समज बळावतो. याउलट, पूर्वीचे सरासरी आयुर्मान केवळ बालमृत्यूंमुळे कमी दिसते. बालपण ओलांडलेला पुरुष सहसा वार्धक्यापर्यंत पोहोचत असे, असेही प्रतिपादन केले जाते. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजांचा विचार केला आहे.

आयुर्मान कोष्टकांचा पुरावा

भारतीय जनगणनेवर आधारित कोष्टकांनुसार पुरुषांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान १८८१ मध्ये २३.६७, १८९१ मध्ये २४.५९ आणि १९०१ मध्ये २३.६३ वर्षे होते. इंग्लंड व वेल्समध्ये १८८१-९० या दशकात ते ४३.६६ वर्षे होते. भारतातील बालमृत्यूंचे प्रमाण भयावह होते, यात शंका नाही. तथापि, १९०१ च्या कोष्टकात विशी गाठलेल्या पुरुषाचे पुढील सरासरी आयुष्यही ३० वर्षांहून कमी आहे. म्हणजेच बालमृत्यू वगळले तरी सरासरी पन्नाशीपर्यंत जात नाही. म्हणून दुसरा समजही अपुरा ठरतो.

ही कोष्टके अखिल भारतीय असल्याने ती मराठवाड्यास तंतोतंत लागू करता येत नाहीत. शिवाय वय सांगताना ३०, ४०, ६० असे पूर्णांक सांगण्याची प्रवृत्ती जनगणनेत सर्वत्र आढळते. त्यामुळे वृद्धांच्या वयाचे आकडे सावधपणे वापरावे लागतात.

मराठवाड्यातील आपत्ती

१८९१ ते १९०१ या दशकात औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ टक्क्यांनी घटली. १८९९-१९०० चा दुष्काळ हे त्याचे प्रमुख कारण होते. पुढे १९११ ते १९२१ दरम्यान हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १३४ लाखांवरून १२५ लाखांवर आली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा त्यात मोठा वाटा होता. या साथीचे वैशिष्ट्य असे की, तिने २० ते ४० वर्षे वयाच्या धडधाकट माणसांचे बळी मोठ्या प्रमाणावर घेतले. हीच पिढी साधारणतः १९३८ ते १९५८ या काळात साठीत पोहोचली असती. त्यामुळे नंतरच्या जनगणनांतील वृद्धांची संख्या ही तत्कालीन आरोग्यस्थितीबरोबरच मागील आपत्तींचीही नोंद ठरते.

परिवर्तन

१९४१-५० या दशकासाठी पुरुषांचे आयुर्मान ३२.४५ वर्षे असे काढण्यात आले. त्यानंतर १९५३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम, देवीचे निर्मूलन आणि प्रतिजैविकांचा प्रसार यांमुळे मृत्युदर घटला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील शेती कोलमडली. परंतु सार्वजनिक कामांवरील मजुरी व धान्यपुरवठा यांमुळे १९०० सारखी मनुष्यहानी टळली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के, तर देशात ते ८.६ टक्के होते. अर्थात ही वाढ केवळ दीर्घायुष्याची नव्हे. घटत्या जन्मदराचाही तो परिणाम आहे.

निष्कर्ष

खुलताबादच्या कबरींतील दीर्घायुषी पुरुष हे त्यांच्या काळाचे प्रतिनिधी नव्हेत. दुष्काळ व साथींत ऐन तारुण्यात मरण पावलेल्या शेतकरी-मजुरांची वये कोणत्याही कबरीवर कोरलेली नाहीत. मराठवाड्यात सर्वसामान्य पुरुषाचे वार्धक्य ही प्राचीन परंपरा नसून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामाजिक उपलब्धी आहे. अन्नसुरक्षा व सार्वजनिक आरोग्य यांवर ती उभी असल्याने ती गृहीत धरता येणार नाही. जुने जनगणना अहवाल आणि गावोगावच्या जन्म-मृत्यू नोंदी यांचा एकत्रित अभ्यास महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हाती घेतल्यास हे चित्र तालुका पातळीवर अधिक स्पष्ट होऊ शकेल.