बोलक्या फितींचा उत्तरकाल

सन १९६३ च्या ऑगस्टअखेरीस बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत फिलिप्स कंपनीनें एक लहानशी प्लास्टिकची डबी मांडली. तिच्या आंत दोन चक्र्यांवर गुंडाळलेली ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत होती आणि ती सेकंदास सुमारें पावणेपांच सेंटिमीटर वेगानें पुढें सरके. ही डबी घडविणारा अभियंता लू ऑटेन्स. बेल्जममधील हासेल्ट येथील कारखान्यांत त्याच्या हाताखालीं हें काम झालें. त्याच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, डबी केवढी असावी हें ठरविण्यासाठीं त्यानें कोटाच्या खिशांत मावेल असा एक लाकडी ठोकळा करून घेतला होता. पुढें गाडीचें चाक बदलतांना तो ठोकळा जॅकखालीं लावला गेला आणि तेथेंच संपला. ज्या वस्तूनें जगभरचे आवाज सांभाळले, तिचा पहिला नमुना सांभाळण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं.

चुंबकीय फीत ही कांहीं ऑटेन्सची कल्पना नव्हे. जर्मनींतील फ्रिट्झ फ्लॉयमर यानें १९२८ मध्येंच कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण बसवून तिचें पेटंट घेतलें होतें, आणि १९३५ मध्यें ‘मॅग्नेटोफोन’ हें यंत्र बर्लिनमध्येंच लोकांपुढें आलें होतें. ऑटेन्सचें श्रेय लहानपणाचें व सोपेपणाचें. शिवाय फिलिप्सनें ही रचना इतर कारखानदारांस मोबदल्यावांचून वापरूं दिली. त्यामुळें टोकियोची कॅसेट मुंबईच्या यंत्रांत बिनतक्रार बसूं लागली. आरंभीं ती संगीतासाठीं नव्हतीच. बोलणें टिपून घेण्यासाठीं होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आपणांस पुढें तिकडेच यावयाचें आहे.

आपल्या देशांत कॅसेट खरी पसरली ती १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. आखाती देशांत नोकरीस गेलेले लोक सुटींत घरीं येत ते ‘टू-इन-वन’ घेऊनच. तोंवर गाणें म्हणजे ग्रामोफोन कंपनीची तबकडी, असा व्यवहार होता. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें उत्तर हिंदुस्थानांतील या स्थित्यंतरावर १९९३ मध्यें एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. एका मोठ्या कंपनीच्या हातांतून संगीत सुटून शेंकडो लहान धंदेवाल्यांच्या हातीं कसें गेलें, हें त्यांत दाखविलें आहे. परंतु बाजारापेक्षां घरांत जें घडलें तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. तबकडी कारखान्यांतून येई. कॅसेट घरींच भरतां येई. ज्यांचा आवाज कोणत्याही कंपनीनें कधीं विकत घेतला नसता, अशा माणसांचे आवाज प्रथमच मागें राहिले.

आमच्याच घरचें उदाहरण देतों. माझे मामा १९८१ पासून कांहीं वर्षें मस्कतला होते. आजीस लिहितां येत नसे. म्हणून ती रत्नागिरीकडील घरीं ओटीवर बसून टू-इन-वनपुढें बोले आणि ती कॅसेट येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मामांकडे जाई. अशा सात कॅसेटी मामांनीं परत आणल्या व माळ्यावरील पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या. कोंकणांतील पावसाळ्यांनीं त्यांवर पांढरी बुरशी चढविली. त्यांपैकीं दोन मीं एका दुकानांत संगणकावर उतरवून घेण्यास दिल्या. आजीचा आवाज परत आला खरा, पण तोंडांत पदर धरून बोलावें तसा. एका ठिकाणीं फीत यंत्रांत गुंतली होती. तेथला तुकडा कापून जोडला होता. विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, “जुनी वस्तू आहे, असेंच येणार.” तें उत्तर मला पटलें नाहीं, आणि यंत्रांची चौकशी मीं तेथून सुरू केली.

दोष बहुधा फितीचा नसतो; हेडचा असतो. हेडच्या तोंडाशीं केसाहूनही बारीक अशी एक उभी फट असते. फीत सरकते त्या दिशेशीं ही फट नेमकी काटकोनांत असावी लागते. ती किंचित् कलली कीं जाड स्वर तसेच राहतात, बारीक स्वर मात्र नाहींसे होतात. मराठी बोलण्यांत यांत प्रथम बळी पडतात ते स, श, च, छ हे वर्ण. आणि ते गेले कीं शब्द ओळखूं येईनासे होतात. आतां मौज अशी कीं, ज्या टू-इन-वनवर मूळ आवाज भरला त्याचेंच हेड कललेलें असलें, तर आज अगदीं अचूक बसविलेल्या उत्तम डेकवरही ती फीत दबलेलीच वाजावयाची. तेथें जुन्या यंत्राचा दोष प्रमाण मानून हेडशेजारचा लहान स्क्रू फिरवावा लागतो, स्वर उजळेपर्यंत. आणि काम झालें कीं पुन्हा मूळ जागीं आणावा लागतो. जपानच्या नाकामिची कंपनीनें १९८२ मध्यें ‘ड्रॅगन’ नांवाचा डेक काढला. तो फितीचा कल आपणच ओळखून हेड वळवून घेई. तसलें रत्न आज सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांतलें नव्हे. पण ज्याचा स्क्रू झांकण काढतांच हातीं येतो असा साधा डेक मिळूं शकतो, आणि निवड करतांना प्रथम हेंच पाहावें.

बाजारांत संगणकास थेट जोडण्याचीं स्वस्त, वॉकमनएवढीं नवीं यंत्रें मिळतात. मोह होतो, पण तो आवरावा. हल्लीं निघणाऱ्या बहुतेक यंत्रांचा गाभा म्हणजे तानाशिन या जपानी कंपनीच्या एका जुन्या, साध्या रचनेची नक्कल. तिच्यावर वेग स्थिर राहत नाहीं व लांबविलेला स्वर थरथरतो. त्यापेक्षां पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचा एखादा चांगला डेक जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा. त्याचे रबरी पट्टे बदलावे (जुने पट्टे कित्येकदां डांबरासारखे वितळलेले असतात), फितीला दाबून पुढें ढकलणारें चाक पाहावें, हेड स्पिरिटनें पुसावें. बाजू आपोआप उलटविणारा डेक शक्यतों टाळावा. हेड फिरत राहिलें कीं त्याचा काटकोन ढळतो.

आणखी एका खटक्याविषयीं सांगितलें पाहिजे. रे डॉल्बी हा अभियंता १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचा सल्लागार म्हणून हिंदुस्थानांत होता. परत जातांच त्यानें लंडनमध्यें आपली कंपनी काढली आणि फितीची खरखर कमी करणारी त्याची घरगुती पद्धत १९६८ मध्यें निघाली. ज्या विकतच्या कॅसेटीवर तिची खूण असेल, तेथेंच डेकचें डॉल्बीचें बटण दाबावें. घरच्या टू-इन-वनवर भरलेल्या फितीस तें लावलें, तर उरलेसुरले बारीक स्वरही जातात.

संगणकाचें काम त्या मानानें सोपें. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्राहक संघटनेच्या मार्गदर्शिकेनें सेकंदास निदान ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असें प्रमाण घातलें आहे. त्या हिशेबानें तासाभराच्या कॅसेटीस सुमारें एक गिगाबाइट जागा लागते. आज ती कांहींच नव्हे. एमपी३ करून जागा वांचविण्याची हौस निदान पहिल्या प्रतीस तरी नको. खरखर काढावयाची ती दुसऱ्या प्रतींतून. मूळ कॅसेट तर फेंकूंच नये.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनि-संग्रहालयानें २०१५ मध्यें इशारा दिला होता कीं, फितींवरील ठेवा २०२५ पर्यंत उतरवून घेतला नाहीं तर त्यांतील बराच गमवावा लागेल. ती मुदत उलटली. त्या इशाऱ्याचें कारण वाचण्यासारखें आहे: फिती कुजतात हें खरेंच, पण त्याआधीं यंत्रें, सुटे भाग आणि तीं जुळविणारे हात नाहींसे होतात. स्वतः ऑटेन्स पुढें कॉम्पॅक्ट डिस्कच्या कामांतही प्रमुख होता आणि आपल्या कॅसेटीविषयीं त्यानें कधीं हळहळ केली नाहीं. २०२१ मध्यें तो वारला. त्याला हळहळ नसणें शोभतें. विकतचीं गाणीं कोठेंतरी पुन्हा मिळतीलच. म्हणून डबा उघडल्यावर आधीं घरचीं बोलणीं उतरवावीं, गाणीं मागाहून.

उरलेल्या पांच कॅसेटी आम्हीं एका स्नेह्याच्या जुन्या डेकवर गेल्या मार्गशीर्षांत उतरविल्या. बुरशी कोरड्या, मऊ कापडानें टिपली. एकीच्या आंतील नमद्याची गादी गळून पडली होती, ती दुसऱ्या कॅसेटींतून काढून बसविली. स्क्रू पाव फेराही फिरवावा लागला नाहीं, तोंच आजीच्या बोलण्यांतला ‘स’ स्पष्ट झाला. ती मामांना विचारीत होती कीं, तिकडे पाऊस नाहीं तर माणसें दिवस कसे मोजतात; आणि मागें कोणीतरी विहिरीवर रहाट ओढीत होतें. पहिल्या दोन कॅसेटीही आतां पुन्हा लावावयाच्या आहेत. कापलेला तुकडा मात्र मिळाला नाहीं.