तिसऱ्याची साक्ष

आज एखादें नवें संकेतस्थळ उघडलें म्हणजे दाराशींच दोन वाटा दिसतात. एक, नवा परवलीचा शब्द ठरवून स्वतःचें खातें काढण्याची. दुसरी, गूगल, ॲपल किंवा फेसबुक यांच्या साक्षीवर आंत जाण्याची. दुसरी वाट सोपी म्हणून पुष्कळांना ती आवडते. ती सोपी होईपर्यंत मात्र बरींच वर्षें गेलीं, आणि भांडणेंहि झालीं.

परवलीचा शब्द ही मूळची पहाऱ्यावरील शिपायांची वस्तु. अंधारांत येणारा आपला कीं परका, हें ओळखण्यापुरताच तिचा उपयोग. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बातो यांनीं एकच संगणक अनेकांना एका वेळीं वापरतां येईल अशी योजना केली, तेव्हां प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून हा शब्द संगणकाच्या दारावर येऊन बसला. पुढच्याच वर्षीं ॲलन शेर या संशोधकानें, वांट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! गुपितें सांठविणें सोपें, सांभाळणें कठीण, हें असें पहिल्याच पावलाला उघड झालें.

यंत्रें अनेक झालीं तेव्हां प्रश्न बदलला. प्रत्येक यंत्राजवळ प्रत्येकाचें गुपित ठेवावें काय? १९७८ सालीं रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनीं तोड सुचविली कीं, गुपित एकाच विश्वासू यंत्रापाशीं असावें आणि त्यानें दिलेली मोहोरबंद चिठ्ठी इतरांनीं मानावी. याच विचारावर एम्. आय्. टी.मध्यें १९८० नंतरच्या दशकांत ‘कर्बरॉस’ ही व्यवस्था उभी राहिली. नांव ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचें. व्यवस्था उत्तम होती. पण साक्ष देणारा आणि ती मानणारा, दोघेहि एकाच घरचे होते.

हीच साक्ष भर बाजारांत मांडली ती मायक्रोसॉफ्टनें, १९९९ सालीं, ‘पासपोर्ट’ या नांवानें. त्याच वर्षींच्या नाताळांतील गोष्ट मोठी बोलकी आहे. कंपनी पासपोर्टच्या पत्त्याची नोंदणी-फी भरावयास विसरली, आणि तिचें हॉटमेल हें टपाल अनेकांना उघडेना. अखेर एका त्रयस्थ माणसानें पदरचे ३५ डॉलर भरले. जगाची ओळख पटविणारा साक्षीदार स्वतःच्या नांवाची फी विसरला! प्रतिस्पर्ध्यांना भीति होती ती निराळीच: सगळ्या बाजाराच्या नाक्यावर एकटी मायक्रोसॉफ्ट बसली तर? म्हणून २००१ सालीं सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकारानें ‘लिबर्टी अलायन्स’ ही आघाडी निघाली. २००२ सालीं सरकारी फेडरल ट्रेड कमिशननें पासपोर्टच्या सुरक्षिततेविषयींच्या दाव्यांना आक्षेप घेतला व तडजोडींत कंपनीवर बंधनें घातलीं. २००५ सालीं ईबे या मोठ्या लिलाव-बाजारानेंहि पासपोर्टला रजा दिली.

त्याच सालीं ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं ‘ओपनआयडी’ ही खुली पद्धति पुढें आणली. साक्षीदार कोणीहि व्हावें. ज्याचा त्यानें निवडावा. कल्पना उदार खरी, परंतु नांवाऐवजीं संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता लिहावा लागे, आणि तो पत्ता म्हणजे आपण, हें सामान्य माणसाच्या गळीं उतरेना. २००८ सालीं फेसबुकनें परिचित नांवाचें एक बटण पुढें केलें, आणि उदार कल्पना मागें पडली.

एव्हांना दुसरीहि एक खोड वाढली होती. मित्रांचे पत्ते आणून देतों असें सांगून संकेतस्थळें लोकांच्या टपालाचा परवलीचा शब्दच मागूं लागलीं होतीं. तिच्यावर उतारा म्हणून २००७ सालीं ‘ओऑथ’ ही पद्धति आली. शब्द देऊं नये, ठराविक कामापुरती परवानगीची चिठ्ठी द्यावी, हें तिचें सूत्र. पण परवानगी आणि ओळख या दोन गोष्टी भिन्न आहेत. धान्य काढण्यासाठीं मालकानें गड्याला कोठीची किल्ली दिली, म्हणून किल्ली दाखविणारा मालक ठरत नाहीं. कित्येक संकेतस्थळांनीं नेमका तोच अर्थ घेतला; परिणामीं एका दुकानासाठीं दिलेली चिठ्ठी दुसऱ्या दुकानांत दाखवून भलताच मनुष्य आंत शिरूं शके. २०१२ सालीं ओऑथची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध होण्यापूर्वीं तिचे प्रमुख संपादक एरन हॅमर हे स्वतःच वैतागून बाहेर पडले. अखेर २०१४ सालीं ‘ओपनआयडी कनेक्ट’नें चिठ्ठीचा मजकूर बांधून दिला: कोणाविषयीं, कोणाच्या सहीनें, कोणत्या दुकानासाठीं आणि किती मुदतीपुरती.

येथवर दुकानदाराची अडचण मिटली. गिऱ्हाइकाचें काय? साक्षीदाराला प्रत्येक वेळीं बोलवावयाचें, तर गिऱ्हाईक कोणाकोणाच्या दारीं जातें हें त्याला सगळें कळणार. मोझिला या संस्थेनें २०११ सालीं सुरूं केलेल्या व पुढें ‘पर्सोना’ म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यवस्थेंत हें टाळलें होतें: साक्ष माणसाच्या हातीं द्यावी, त्यानें ती कोठें दाखविली हें साक्षीदाराला कळूं नये. सर्वांत सभ्य योजना हीच म्हणावी लागेल. ती फारशी कोणीं वापरली नाहीं, आणि नोव्हेंबर २०१६ मध्यें ती बंद पडली.

सप्टेंबर २०१८ मध्यें फेसबुकच्या सुमारें ३ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या चोरीस गेल्याचें उघड झालें. त्या बाहेरच्या संकेतस्थळांवर वापरल्याचा पुरावा आढळला नाहीं, असें कंपनीनें सांगितलें. २०१९ सालीं ॲपलनें खरा टपाल-पत्ता झांकून टोपण पत्ता देण्याची सोय काढली. त्यामुळें दुकानदाराला पत्ता कळत नाहीं. दुकान कोणतें, हें ॲपलला कळतेंच.

अशा साक्षींची यादी प्रत्येकाच्या खात्यांत पाहतां येते, आणि तींत कधींच विसरलेलीं नांवेंहि सांपडतात. तीं तेथून पुसतां येतात. मात्र त्या त्या दुकानानें आपल्या वहींत पूर्वीं जें टिपून घेतलें असेल, तें तेवढ्यानें पुसलें जात नाहीं. त्यासाठीं त्याच दुकानाकडे निराळी मागणी करावी लागते.