निर्हेतुक प्रेम आणि आज्ञापालन

फ्रान्सचा राजा नववा लुई तेराव्या शतकांत धर्मयुद्धासाठीं पूर्वेकडे गेला, त्या वेळची एक हकीकत त्याचा सोबती ज्वाँव्हील ह्यानें नमूद करून ठेविली आहे. दमास्कस शहरांत एक म्हातारी एका हातांत विस्तवाचें पात्र व दुसऱ्या हातांत पाण्याची सुरई घेऊन चालली होती. एका ख्रिस्ती साधूनें कारण विचारतां ती म्हणाली कीं, ह्या विस्तवानें स्वर्ग जाळावा व ह्या पाण्यानें नरक विझवावा, म्हणजे लोभानें किंवा धाकानें कोणी सत्कर्म करणार नाहीं. करील तो केवळ ईश्वरावरील प्रेमानें करील. निष्काम भक्तीशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु हाच विचार सतराव्या शतकाच्या अखेरीस एका विद्वान ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यानें शास्त्रार्थ म्हणून मांडला, तेव्हां त्याची केवढी किंमत त्यास द्यावी लागली, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या गृहस्थाचें नांव फेनलाँ. जन्म 1651. चौदाव्या लुईच्या नातवाचा तो शिक्षक होता आणि 1695 मध्यें कांब्रेचा आर्चबिशप झाला. मादाम ग्यूयाँ नांवाच्या एका विधवेच्या ध्यानमार्गाविषयीं त्याला आदर वाटे. ह्या बाईवर पाखंडाचा संशय येऊन तिला पुढें बास्तीयच्या तुरुंगांत वर्षानुवर्षें राहावें लागलें. तिचा बचाव करावा व खऱ्या संतांची शिकवण कोणती हें दाखवावें, ह्या हेतूनें फेनलाँनें 1697 मध्यें संतवचनांच्या विवरणाचा एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत प्रेमाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. ऐहिक लाभासाठीं केलेली ईश्वरसेवा सर्वांत खालीं. मोक्षाच्या आशेनें केलेली तिच्याहून वर. आणि आपल्या सुखाचा विचारच ज्यांत उरत नाहीं तें शुद्ध प्रेम सर्वांच्या वर. ईश्वराची इच्छाच तशी असती, तर असा भक्त आपल्या सद्गतीवरही पाणी सोडता आणि तरी त्याची आज्ञा पाळता, येथपर्यंत त्याचें म्हणणें होतें.

ह्याला आडवा आला तो मोचा बिशप बोस्युए. फेनलाँचा हा वडिलांसारखा स्नेही, आणि त्या काळीं फ्रान्समधील धर्मवक्त्यांचा मुकुटमणि. त्याचा आक्षेप वरवर दिसतो तितका रुक्ष नाहीं. श्रद्धा, आशा व प्रीति हे तिन्ही सद्गुण ख्रिस्ती धर्मानें एकत्र गोंवले आहेत. मग प्रीतीनें आशेला घराबाहेर कसें काढावें? शिवाय मनुष्यानें आपल्या उद्धाराची इच्छा धरावी ही ईश्वराचीच आज्ञा आहे. ती इच्छा जो टाकतो, तो प्रेमाच्या नांवानें आज्ञाभंगच करतो. निव्वळ वादाच्या दृष्टीनें पाहतां बोस्युएची बाजू आम्हांस अधिक भक्कम वाटते. मात्र 1698 मध्यें त्यानें खासगी पत्रें व विश्वासानें सांगितलेल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या. हें त्याच्या थोरवीस शोभलें नाहीं.

राजाची मर्जी बोस्युएकडे होती. 1697 च्या ऑगस्टांत फेनलाँला आपल्या प्रांताबाहेर न पडण्याचा हुकूम झाला. रोममध्यें ग्रंथाची तपासणी चालली. दहा परीक्षकांची मतें पांचास पांच अशीं पडलीं. लुईचा तगादा मात्र थांबेना. शेवटीं 12 मार्च 1699 रोजीं पोप बारावा इनोसंट ह्यानें ग्रंथांतील 23 विधानें दोषार्ह ठरविलीं. तरी पाखंड हा शब्द त्यानें वापरला नाहीं. फेनलाँ ईश्वरावरील प्रेमाच्या अतिरेकानें चुकला, तर बोस्युए शेजाऱ्यावरील प्रेमाच्या अभावानें, असे उद्गार पोपनें काढल्याचें सांगतात. खरे असोत वा नसोत, शोभणारे खचित आहेत.

ही बातमी फेनलाँला 25 मार्च रोजीं, व्यासपीठावर चढण्याच्या बेतांत असतांना कळली, असें त्याचे चरित्रकार लिहितात. योजिलेलें प्रवचन बाजूस ठेवून तो वरिष्ठांच्या आज्ञापालनावर बोलला. एप्रिलांत त्यानें आपल्या प्रांतांतील लोकांस जाहीर पत्र काढून स्वतःच्याच ग्रंथाचा निषेध केला, आणि तोही कोणतीही पळवाट न ठेवतां.

आमच्या मतें ह्या प्रकरणाचा खरा गाभा येथें आहे. ही शरणागति प्रेमाची कीं भीतीची? दरबारी धूर्तपणा म्हणणारे तेव्हांही होते. पण धूर्त माणसानें तिचा मोबदला वसूल केला असता. फेनलाँला दरबारांत पुन्हां पाऊल ठेवतां आलें नाहीं. उलट त्याच वर्षीं त्याची ‘तेलेमाक’ ही कादंबरी छापली गेली व तींत आपल्यावर टीका आहे असें वाटून राजा अधिकच रागावला. दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या मनांतील अर्थ चुकीचा होता, असें फेनलाँला पुढेंही पटलेलें दिसत नाहीं. म्हणजे बुद्धि पुरती वळली नव्हती, तरी जीभ व लेखणी त्यानें आवरली. कोणी ह्यास दांभिकता म्हणेल. आम्हांस ती म्हणवत नाहीं. स्वतःचें सुख सोडणें हें शुद्ध प्रेमाचें लक्षण, असें ज्यानें लिहिलें, त्याला आपलें मत बरोबर ठरण्याचें सुखही सोडावें लागलें. आणि पंडिताला ह्याहून प्रिय सुख कोणतें?

पुढचीं सोळा वर्षें, 1715 च्या जानेवारींत मृत्यु येईपर्यंत, तो कांब्रेसच राहिला. स्पेनच्या वारसायुद्धांत ती सरहद्द रणभूमि झाली. 1709 मध्यें माल्प्लाकेच्या लढाईनंतर जखमी शिपाई व घरेंदारें सोडून आलेले शेतकरी ह्यांनीं त्याचा वाडा भरून गेला. त्याच्या जमिनींस धक्का लावूं नये असा हुकूम शत्रुसेनापति मार्लबरोनें दिला होता, त्यामुळें त्याचीं कोठारें शाबूत राहिलीं होतीं. तीं त्यानें उघडलीं, आणि त्यांतलें धान्य चौदाव्या लुईच्या उपाशी सैन्याच्या पोटांत गेलें.