वराळ्याहून स्कॅनला निघालात? आधी ही अणूची गोष्ट वाचा

थायरॉईडचा किंवा हाडांचा 'न्यूक्लिअर स्कॅन' लिहून दिला की बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. न्यूक्लिअर म्हटलं की डोळ्यांसमोर हिरोशिमाच येतं. काही जण घाबरून तपासणीच पुढे ढकलतात, आणि तेवढ्यात आजार पुढे सरकतो. म्हणून हे सगळं आलं कुठून, ते आज सांगतो. त्यातला बराचसा भाग आपल्या घाटाखालीच, मुंबईत घडला आहे.

१८९६ साली हेन्री बेकरेल यांना दिसलं की युरेनियममधून आपोआप किरण बाहेर पडतात. काही अणूंचं केंद्रक अस्थिर असतं. ते जादा ऊर्जा फेकून देऊन शांत होतं. ही ऊर्जा म्हणजेच किरणोत्सर्ग. जॉर्ज हेवेशी यांच्या लक्षात आलं की असा अणू 'खबऱ्या' म्हणून वापरता येईल. मँचेस्टरला ते ज्या घरी जेवत, तिथली मालकीण कालचं उरलेलं आज वाढते असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला आणि पुढच्या जेवणात तो उपकरणाने पकडला, अशी गोष्ट सांगतात. (मेसमध्ये राहिलेल्यांना हे संशोधन विशेष पटेल!) याच खबऱ्याच्या कल्पनेसाठी त्यांना १९४३ चं नोबेल मिळालं.

तुमच्या स्कॅनमध्ये हेच होतं. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि तुमच्यातून पार जातात. इथे उलट आहे. किरण तुमच्या शरीरातल्या औषधातून निघतात आणि कॅमेरा ते फक्त टिपतो. म्हणून कॅमेऱ्याखाली जास्त वेळ झोपवलं तरी डोस वाढत नाही. डोस इंजेक्शन दिलं तेव्हाच ठरलेला असतो.

आता आपल्याकडचं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, 'अप्सरा' ही भारतातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं, बांधणी आपल्या लोकांची. पाण्याच्या तळ्यात बुडवलेल्या गाभ्याभोवती निळसर उजेड दिसे, त्यावरून पंडित नेहरूंनी हे नाव दिलं. १९६० मध्ये 'सायरस' आली. या भट्ट्यांमधून संशोधनाबरोबरच औषधासाठी लागणारे समस्थानिकही निघू लागले. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. त्यांचा रुग्णांसाठी उपयोग व्हावा म्हणून १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. बॉम्बची धास्ती जगभर होती त्याच काळात परळमध्ये हे काम चालू झालं, याची आठवण फार कमी जण ठेवतात.

थायरॉईडला आयोडीन हवंच असतं, ते साधं की किरणोत्सारी हे त्याला कळत नाही. १९४१ साली बॉस्टनला डॉ. सॉल हर्ट्झ यांनी हीच खुबी वापरून रुग्णांवर उपचार सुरू केले. आज त्यासाठी आयोडीन-१३१ वापरतात. त्याचे बीटा कण एखाद-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे मार मुख्यतः थायरॉईडच्या पेशींनाच बसतो. त्याचा अर्धा जोर ८ दिवसांत संपतो, उरलेल्याचा अर्धा पुढच्या ८ दिवसांत. शिवाय बरंचसं लघवीवाटे पहिल्या काही दिवसांतच निघून जातं. म्हणून भरपूर पाणी प्यायला आणि थोडे दिवस लहान मुलं व गरोदर बायांपासून लांब राहायला सांगतात. कॅन्सरसाठी मोठा डोस असेल तर काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात.

साध्या स्कॅनला बहुतेक वेळा टेक्नेशियम वापरतात. ते १९३७ साली सेग्रे आणि पेरिए यांना सापडलं. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं हे पहिलं मूलद्रव्य. त्याच्या औषधात वापरल्या जाणाऱ्या प्रकाराचा अर्धा जोर ६ तासांतच जातो. मग ते लांबच्या गावी न्यायचं कसं? त्यावर तोडगा झकास आहे. त्याची 'आई', मॉलिब्डेनम, ६६ तासांत अर्धी होते. शिशाच्या डब्यात तिलाच पाठवायचं आणि रुग्णालयात रोज मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम 'पिळून' घ्यायचं. या डब्याला जगभर 'गाय'च म्हणतात.

पेट स्कॅनच्या फ्लोरिनला अशी गाय नाही. ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं. परळच्या केंद्रात २००२ पासून ही सोय झाली. फ्लोरिनचा अर्धा जोर ११० मिनिटांत जातो. समजा मुंबईहून निघालेली गाडी खंडाळ्याच्या घाटात अडकून ३ तासांनी पोहोचली, तर निघताना १०० असलेलं औषध साधारण ३२ उरतं.

म्हणून स्कॅनची वेळ सकाळी ९ ची असेल तर ९ लाच पोहोचा. वराळ्याहून निघताना सोमाटणे फाट्याची गर्दी हिशेबात धरा. तुमच्या नावाने मागवलेलं औषध डब्यात बसून संपतच असतं. ते उद्यासाठी ठेवता येत नाही. आणि दिवस गेल्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शन घेण्याआधी सांगा, नंतर नको.