सामाईक नळी कोणाची?

एका घराचे सांडपाणी नेणारी नळी खासगी; एकाहून अधिक घरांचे नेणारी ती गटारवाहिनी आणि सर्वसाधारणपणे स्थानिक प्रशासनाच्या मालकीची, अशी सुटसुटीत विभागणी इंग्लंडच्या 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने केली होती. 1936 च्या कायद्याने ती बदलली. 1 ऑक्टोबर 1937 पासून बिल्डरने टाकलेली सामाईक वाहिनी प्रशासनाने रीतसर ताब्यात घेईपर्यंत घरमालकांचीच राहू लागली. त्यामुळे एकाच गावात दोन न्याय झाले. जुन्या गल्लीतली तुंबलेली वाहिनी प्रशासन मोकळी करी. नव्या गल्लीत शेजाऱ्यांना वर्गणी काढावी लागे. घाण चार घरांची असली तरी ती वर येई उतारावरच्या शेवटच्या घरात, आणि वरच्यांना खर्चाची निकड वाटत नसे.

हा भेद 74 वर्षे टिकला. 1 ऑक्टोबर 2011 रोजी इंग्लंड आणि वेल्समधील, सार्वजनिक जाळ्याला जोडलेल्या बहुतेक सामाईक वाहिन्या मलनिस्सारण कंपन्यांकडे गेल्या आणि त्यांचा खर्च ग्राहकांच्या बिलांत विभागला गेला. आपल्या हद्दीतली, केवळ आपल्याच घराची नळी मात्र आजही मालकाकडेच आहे.

शेवटच्या घरातला आजार वरच्या घरांपर्यंतही पोचतो. आपण वाड्याच्या वाटणीपत्रात भिंती मोजतो. मोरीचे पाणी कोणाच्या अंगणातून जाते आणि ती वाट कोणी मोकळी ठेवायची, हेही त्यात लिहावे.